भुरीचा पुतळा शर्यतीला जातो

एका जंगलात, जिथे सभा रोज भरायच्या आणि पाऊस कधीमधी पडायचा, एक रोही राहत होती. रोही म्हणजे नीलगाय. बालमित्रांनो, नीलगाय ही गाय नसते. मादी असेल तर ती निळीही नसते. पण नाव ठेवणाऱ्यांनी ते एकदा ठेवले, की आपण फक्त ओ द्यायची.

या रोहीचे नाव भुरी. तिला लहानपणापासून धावायचा नाद होता.

"अगं, बाईच्या जातीनं पळावं ते वाघ मागं लागल्यावर," तिची आई म्हणायची. "मागं कुणी नसताना पळालीस तर लोक काय म्हणतील?"

"वाघ लागल्यावर पळता यावं म्हणूनच आत्ता पळते," भुरी म्हणायची आणि पळायची.

त्या मुलखात दरवर्षी सात रानांची शर्यत व्हायची. ती फक्त नरांची. माद्यांना लांबचा पल्ला झेपत नाही, असे नरांच्या सभेत एकमताने ठरले होते. त्या वेळी सगळ्या माद्या डोंगरापलीकडच्या पाणवठ्यावर गेल्या होत्या, त्यामुळे विरोध कोणी केला नाही.

पण एका वर्षी इतर रानांनी माद्यांचीही शर्यत सुरू केली. आपले रान मागासलेले दिसू नये म्हणून कोणाला तरी पाठवणे भाग पडले. कोणी तयार होईना. मग भुरीला पाठवले. निरोप द्यायला एकटी आई आली, तीही रडत.

भुरी पहिली आली.

आता काय विचारता! "ही चार पायांवर उभी राहिली तेव्हाच मी म्हणालो होतो," असे जो तो म्हणू लागला. पुढच्या वर्षी भुरी पुन्हा पहिली आली. त्याच्या पुढच्याही वर्षी आली.

यामागे काही जादू नव्हती. जंगलात सगळीकडे दगडधोंडे होते, पण नदीकाठाने एक मऊ मातीची लांबच लांब वाट होती. भुरी रोज पहाटे त्या वाटेवर धावायची. थंडी असो, ताप असो, तिने कधी खाडा केला नाही. एवढेच.

तिसऱ्या विजयानंतर जंगलाने भुरीच्या गौरवासाठी समिती नेमली. अध्यक्ष झाले दंताजीराव रानडुक्कर. दंताजीराव आयुष्यात एकदाच पळाले होते, वणवा लागला तेव्हा. पण तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे होते, म्हणून क्रीडेतले जाणकार मानले जात.

समितीने विचार केला. भुरीचा गौरव कशाने होईल? तिच्या वाटेने! नदीकाठच्या वाटेला 'धावरत्न भुरीदेवी मार्ग' असे नाव दिले. नाव दिलेल्या वाटेवरून ढोरे-डुकरे हिंडली तर बरे दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण घातले. तोंडाशी पाटी लावली: 'येथे धावू नये.'

वाटेच्या मधोमध वाळवीकडून भुरीचा मातीचा पुतळा बांधून घेतला. पुतळा चारही पाय रोवून उभा होता. धावताना दाखवला असता तर पडला असता, असे वाळवीचे म्हणणे पडले.

उद्घाटनाला भुरीला बोलावले होते. तिला पुतळ्याशेजारी उभे केले. हार पुतळ्याला घातला.

दुसऱ्या दिवशी भुरी दंताजीरावांकडे गेली.

"दादा, फार मोठा मान दिलात. पण मी आता पळू कुठं?"

"पळायचं कशाला, भुरीताई?" दंताजीराव चिखलात कूस बदलत म्हणाले. "तुम्ही आता अजरामर झालात."

"पण शर्यत जवळ आलीय."

"तेच म्हणतो मी. समजा, तुम्ही पळालात आणि हरलात. मग त्या पुतळ्यानं कुठं तोंड दाखवायचं?"

भुरी परत फिरली. ती दगडांतून पळायला लागली. खुरे फुटली. पायातून रक्त येऊ लागले. मऊ मातीशिवाय शर्यतीची तयारी होणार नाही, हे तिला कळून चुकले. एका पहाटे तिने कुंपणावरून उडी मारली आणि आपल्या जुन्या वाटेवर धाव घेतली. किती दिवसांनी पाय मोकळे झाले! तिला रडूच आले.

पण पहाऱ्यावर साळिंदर होते.

"थांबा, ताई! या वाटेवर धावलं की भुरीदेवींचा अपमान होतो."

"अरे बाबा, भुरी मीच ना?"

"ते मला ठाऊक आहे. म्हणून तर नमस्कार करून पकडतोय."

सभा भरली. गुन्हा सिद्ध झाला. शर्यतीत उतरायचे असेल तर भुरीने पुतळ्यापुढे नाक घासून माफी मागावी, असा ठराव झाला.

आई चवताळली. "माझी लेक स्वतःच्याच पाया पडणार? मेल्यांनो, लाज वाटते का!"

"असू दे, आई," भुरी म्हणाली. "नाक घासलं तर झिजंल जरा. पाय तर शाबूत राहतील."

तिने नाक घासले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दंताजीराव घसा खाकरून म्हणाले, "ताईंनी गुन्हा कबूल केला, हा त्यांचा मोठेपणा. पण गुन्हेगाराला शर्यतीला कसं पाठवणार? यंदा आपल्या रानातर्फे पुतळा जाईल. तो आजवर एकदाही हरलेला नाही."

हा मुद्दा बिनतोड होता.

शर्यतीच्या दिवशी पुतळा गव्याच्या पाठीवर बांधला. पुढे वाजंत्री, मागे समिती. शिंग फुंकले गेले आणि सगळे निघाले. भुरी लांब झाडीत उभी होती. तिला राहवले नाही. तीही धावत सुटली. तिला कोणी बोलावले नव्हते, कोणी अडवलेही नाही. फुटक्या खुरांनी तिने एकेक रान मागे टाकले. शेवटच्या रानाच्या सीमेवर पंच म्हणून म्हातारा करकोचा उभा होता. त्याच्यापाशी ती सगळ्यांच्या आधी पोचली.

"नाव?" करकोच्याने विचारले.

"भुरी." तिने आपल्या रानाचेही नाव सांगितले.

"त्या रानाची भुरी मागून येतेय. तिच्याबरोबर वाजंत्री आहे, हार आहेत, समिती आहे. तुझ्याबरोबर कोण आहे?"

भुरीने वळून पाहिले. दूरवर नुसती धूळ दिसत होती.

"कुणी नाही," ती म्हणाली. "सगळे मागं राहिले."

"मग तुला ओळखायचं कसं?" करकोचा म्हणाला आणि त्याने तिला बाजूला व्हायला सांगितले.

पुतळा सर्वांत शेवटी, अंधार पडता पडता आला. एवढी नामवंत धावपटू जातीने आली, या आनंदात त्याला पहिले बक्षीस देण्यात आले. दंताजीरावांचे भाषण झाले. भाषणात कष्टाचे महत्त्व सांगितले होते.

भुरी आपल्या रानात राहिली नाही. आईला घेऊन ती दूरच्या एका रानात राहायला गेली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हते. तिथेही नदी होती आणि काठाने मऊ वाट होती. ती पुन्हा रोज पहाटे धावू लागली.

एके दिवशी तिथली एक म्हातारी रोही तिला म्हणाली, "पोरी, काय गं पळतेस! पुढच्या शर्यतीला आमच्या रानाकडनं उतरशील का?"

भुरीचे डोळे चमकले. "उतरीन की, मावशी. पण एक वचन द्या. मी जिंकले तर रानात कुणाला सांगायचं नाही."

तात्पर्य: बालमित्रांनो, पहाटे उठा, भरपूर सराव करा आणि पहिले या. मात्र पहिले आल्याबरोबर जागच्या जागी उभे राहा आणि पुन्हा हलू नका. हलणाऱ्याच्या गळ्यात हार घालताना समितीची फार दमछाक होते.