हातपंप आणि उल्लेखांची भिशी

संशोधनाची थोरवी ते किती जणांनी वाचलं यावर ठरत नाही, किती जणांनी त्याचा उल्लेख केला यावर ठरते, हे आता विद्वानांच्या जगात सर्वमान्य आहे. (वाचणं ऐच्छिक आहे.) हिंगोलीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे डॉ. रवींद्र घनसावंत या तत्त्वाचे निस्सीम उपासक होते. सन दोन हजार सातपर्यंत त्यांच्या नावावर चौतीस शोधनिबंध आणि त्या निबंधांचे दोनशे बारा उल्लेख जमा झाले होते. त्यातले सदतीस सरांनी स्वतःच केले होते. आपल्या कामाची कदर आपणच केली नाही, तर दुसऱ्यानं काहून करावी?

बाकीचे भिशीतून येत. बायकांच्या भिशीत जसा दर महिन्याला एकीचा नंबर लागतो, तसा आसपासच्या जिल्ह्यांतल्या नऊ रसायनवाल्यांनी उल्लेखांचा नंबर लावला होता. ज्याची पाळी असेल, त्याचा उल्लेख बाकीच्या आठांनी आपापल्या निबंधात करायचा. विषय जुळला पाहिजे अशी क्षुद्र अट कुणी घातली नव्हती. त्यामुळे साबणाच्या फेसावरच्या एका निबंधात घनसावंत सरांच्या हातपंपाचा मोठ्या आदरानं निर्देश झालेला आहे.

हा हातपंप म्हणजे सरांचं सगळं भांडवल. सेनगाव तालुक्यातल्या एका वाडीत तो त्यांना गवसला. पाण्यात फ्लोराईड नको तितकं. त्यावर 'भाग एक' छापून आला. मग उन्हाळ्यातलं फ्लोराईड, हिवाळ्यातलं, सकाळचं, संध्याकाळचं, असे करत करत अकरा भाग झाले. तोवर वाडीतल्या पोरांचे दात पिवळे पडले, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडले आणि सरांची बढती जवळ आली. विज्ञानामुळे समाजात बदल होतो म्हणतात तो असा.

पंपाशेजारीच जनकाबाईचं घर. एके दिवशी सर बाटल्या भरत असताना तिनं त्यांना गाठलंच.

"सायेब, सा वर्सापासून पाणी भरून नेऊन राहिले तुमी. माझ्या नातवाला उठता-बसता तकलीफ हाय. ह्ये पाणी प्यावं का न्हाई, येवढंच सांगा ना बापा."

"संशोधन चालू आहे, बाई."

"पण बरं हाय का वाईट?"

"अधिक अभ्यासाची गरज आहे."

हे काही खोटं नव्हतं. अकराही भागांचं शेवटचं वाक्य हेच होतं. शिवाय सरांच्या बाजूनंही जरा विचार करा. त्यांनी तहसीलात एक शब्द टाकला असता, तर पंपाला धोक्याचा लाल रंग लागला असता, दांडा काढून नेला असता, वाडीला दुसरीकडे बोअर मिळाला असता. मग भाग बारा कशावर लिहायचा, कपाळावर? एका बाईच्या नातवापायी नऊ विद्वानांची भिशी मोडायची? इतका निर्दयपणा सरांच्या स्वभावात नव्हता.

बढती झाली. कर्मभूमीला विसरू नये म्हणून सत्कार वाडीतच, पंपाजवळ ठेवला. भिशीचे आठही सदस्य जीपनं आले. शाली झाल्या, नारळ झाले, भाषणं तर विचारूच नका. ऊन मी म्हणत होतं. जीपमधून आणलेलं बाटलीबंद पाणी दुसऱ्या भाषणातच संपलं होतं आणि वक्त्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. तेव्हा जनकाबाई ताटात नऊ पेले भरून घेऊन आली.

"लई लांबून आलात पाव्हणे. घ्या, आत्ताच पंपावून आणलंय."

घनसावंत सर म्हणाले, आज उपास आहे. (उपासाला पाणी चालत नाही हा शोध त्यांनी उभ्या उभ्या लावला.) दुसऱ्यांचा घसा धरला होता. तिसरे आत्ताच प्याले होते. चौथ्यांना फोन आला, रेंज नसताना. ताट नवव्या खुर्चीपर्यंत गेलं आणि जसंच्या तसं परत आलं.

जनकाबाई जागीच उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं.

"बराबर! सा वर्सं इचारून राहिले, कोणी बोललं न्हाई. आज नऊ डाक्टरांनी संगं सांगितलं." "लेकराला पाजून राहिले रे मी, मेल्यांनो! माझ्या हातानं पाजून राहिले!"

आणि तिनं ते ताट सरांच्या नव्या बुटांवर उपडं केलं.

परतीच्या जीपमध्ये सरांनी बूट काढून झटकले. सरांचे मोजे ओले होते आणि थोडी लाजही वाटत असावी. तेवढ्यात एक सदस्य हळूच म्हणाले, "विषय चांगला आहे." पुढल्याच महिन्यात 'भूजलाविषयी सुशिक्षितांची अरुची : एक निरीक्षण' हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात घनसावंत सरांचे तीन उल्लेख आहेत.

वाडीत दुसरं पाणी नाही, म्हणून जनकाबाई आजही त्याच पंपावर घागर लावते. आता फक्त जाणूनबुजून लावते.

तुम्हाला सरांचा संताप आला असेल. यायलाच पाहिजे. उद्या तुम्ही चारचौघांत ही गोष्ट सांगाल, हळहळाल, उपासाच्या थापेवर हसालही. सर त्यालाही उल्लेखच धरतात. तहसीलात जायचं मात्र तुमच्याही मनात आलं नाही.