कापसात मुरलेलं सोयाबीन

किसनचा विषय निघाला की मी इतकी वर्षं सोयाबीनच्या भावावर बोलायला लागायचो. आमच्या बेला गावात भावाचा विषय कधीही चालतो.

किसन माझा शेजारी. शिजवलेलं सोयाबीन पळसाच्या पानांत बांधून सडवायचा आणि खायचा. "सडलं नाई, मुरलं," हे त्याचं म्हणणं. त्या दाण्यांना तार सुटायची. ती बोटाभोवती गुंडाळून आधी सगळ्यांना दाखवायचा, मग चाटायचा. वासानं कुत्र्यांनी गल्ली बदलली होती. फोनवर त्यानं पाहिलं होतं, कुठल्याशा देशात लोक हे रोज खातात आणि त्यांचं लिव्हर ठणठणीत राहतं. तेव्हापासून रामराम बंद. "लिव्हर कसं हाय?" असंच विचारायचा. नवऱ्या मुलीलाही विचारलं, भर मांडवात.

सोनोग्राफीत माझ्या लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हा त्याला हुरूप आला. डॉक्टर म्हणाले, "दारू सोडा, चाला. मुरलेल्या सोयाबीनचा फायदा होत असेलही, पण ते औषध समजू नका." मी हे सांगितलं. किसननं मधलं तेवढं ऐकलं.

त्या थंडीत दाणे मुरेनात. माझ्या पुढच्या खोलीत कापसाचा ढीग होता आणि ढिगाच्या पोटात चांगली ऊब असते. मला न विचारता त्यानं पुडकी आत खोल खुपसली. व्यापारी आला. त्यानं कापूस नाकाला लावला.

"इसमें क्या मरा है, काका?"

आणि गाडी रिकामीच वळवली.

"काऊन केलं रे हे?" मी कुंपणावरून ओरडलो.

"तुह्यासाठीच तं मुरवून राह्यलो होतो, भाऊ."

"एवढं समजते तं शांतावहिनीले काऊन नाई वाचवलं?"

शांता त्याची बायको. लिव्हरच्याच दुखण्यानं गेली होती. फोनवरचं हे सगळं त्याला ती गेल्यावर सापडलं.

तो पुडकी घेऊन गेला. गल्लीतला वास कायमचा थांबला. लोकांनी मला बोलावून चहा पाजला.

उन्हाळ्यात त्याची मुलगी त्याला निजामाबादला न्यायला आली. मी त्याची पिशवी गाडीत ठेवत होतो.

"लघवी लय पिवळी दिसली तं लाजू नको, दवाखान्यात जाय," तो म्हणाला. "शांतानं लपवलं होतं."

माफी मागायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पोचला की फोन कर."

त्यानं केला. मी विचारलं, तिकडं ऊन कसं आहे.