तीन नंबरच्या खोलीचा काटा

"यंत्राला खोड्या काढता येत नाहीत, साहेब. खोड्या काढतो तो माणूस."

हे वाक्य फोरमननी सोमवारी सकाळी मालकांच्या टेबलासमोर उभं राहून इतक्या ठामपणे सांगितलं, की मालकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. एरवी मालक कुणासाठी पेन खाली ठेवत नसत.

प्रकरण होतं शीतगृहातल्या तीन नंबरच्या खोलीचं. या खोलीत सफरचंदांच्या चार हजार पेट्या होत्या, आणि तिचा गारवा सांभाळायला बाहेरच्या गल्लीत, पाइपांच्या जंजाळात, एक रेग्युलेटर बसवला होता. दिसायला ठेंगणा, लोखंडी, डोक्यावर टोपी. टोपीखाली स्क्रू. स्क्रू पिळला की पाइपातल्या वायूचा दाब चढायचा आणि खोली तापायची. सैल केला की दाब उतरायचा आणि खोली गारठायची. अकरा वर्षं हा रेग्युलेटर फोरमनच्या हाताखाली गुण्यागोविंदाने नांदला होता. गेल्या पंधरवड्यात मात्र त्याच्या शेजारच्या गेजचा काटा कधी वर जाई, कधी खाली. एक दिवस सफरचंदं घामेजली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या सालीवर बर्फ धरायला लागला.

"बिघडला असेल," मालक म्हणाले.

"बिघडलेलं यंत्र एकाच बाजूला चुकतं. हा दोन्हीकडे चुकतोय. शिवाय चुकतो कधी, तर जेवणाच्या सुट्टीत, गल्लीत कुणी नसताना. यंत्राला कसं कळणार सुट्टी झाली ते?"

मालकांना हे पटलं असावं, कारण त्यांनी पेन पुन्हा उचललं. "हे बघा, शनिवारी गिऱ्हाइकाचा तपासनीस येतोय. स्वतःचा थर्मामीटर घेऊन दिवसभर बसणार. काटा हलला तर तो माल उचलणार नाही. आणि मग देखभालीचं काम मी बाहेरच्या कंपनीला देणार. तुम्ही गेटवर बसा, आलेल्या गाड्यांचे नंबर लिहा."

अठ्ठावीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाने गाड्यांचे नंबर लिहायचे! फोरमन भलतंच बोलून गेले.

"काट्याची काळजी सोडा. शनिवारी दहा वाजता तो माणूसच तुमच्यासमोर उभा करतो."

बाहेर आल्यावर त्यांनी मफलर गळ्याभोवती घट्ट केला. हा मफलर बायकोने विणलेला, जांभळ्या लोकरीचा, दोन्ही टोकांना गोंडे. म्हणजे होते. पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्यातला एक गोंडा नाहीसा झाला होता. त्याबद्दल फोरमननी आधी शेजारच्या मांजरावर संशय घेतला, मग नातीच्या बाहुलीची झडती घेतली, आणि शेवटी "तुझी गाठच कच्ची असणार" असं बायकोला म्हणून तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायले होते. संशय घ्यायला त्यांना मोठं कारण लागत नसे, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

रेग्युलेटरच्या गल्लीला कुलूप असे आणि चाव्या तिघांकडेच. एक खुद्द फोरमनकडे. दुसरी स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंकडे. या बाई पेन्सिलीच्या डबीलासुद्धा कुलूप घालत, म्हणून सगळे त्यांना कुलूपबाई म्हणत. आणि तिसरी चावी दिवसपाळीच्या ऑपरेटरकडे. अडचण अशी, की हा ऑपरेटर फोरमनचा जावई होता. प्लँटवर "अरे, तो पाना आण" आणि घरी "अहो जावईबापू, अजून थोडं घ्या ना" अशी दुहेरी कसरत फोरमन दोन वर्षं करत होते.

गल्लीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने, लाल ऑइलपेंटने, पाटीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: आधी जाळी, मग बाकीचं. म्हणजे काही बिघडलं की आधी गॅसच्या वाटेतली गाळायची जाळी उघडून बघा, मग डोकं चालवा. हे सूत्र त्यांनी नव्या-जुन्या प्रत्येकाकडून घोकून घेतलं होतं. आता ते त्याच भिंतीला पाठ टेकून डोकं चालवत उभे राहिले. नुकत्याच झालेल्या वार्षिक दुरुस्तीत ती जाळी त्यांनी स्वतः साफ केली होती. ती पुन्हा उघडायची म्हणजे स्वतःवरच अविश्वास दाखवणं झालं.

कोण असेल? जावई? मागच्याच महिन्यात जेवताना तो म्हणाला होता, "बाबा, आता तुम्ही जरा आराम करायला हवा." तेव्हा फोरमनना भरून आलं होतं. आता त्या वाक्याचा अर्थ त्यांना लख्ख दिसला. आराम कुणी करायचा, आणि खुर्चीत कुणी बसायचं?

मंगळवारी त्यांनी सापळा लावला. स्क्रूवरून थेट खालच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. कुणी केसभर जरी पिळला तरी रेघ तुटणार. ऑइलपेंट वाळून दगड झाला होता, म्हणून त्यांनी कुलूपबाईंकडून नेलपॉलिशची बाटली मागून घेतली.

"कशाला हवी?" कुलूपबाईंनी विचारलं.

"आहे काम."

"वहीत काय लिहू?"

"लिहा, खाजगी."

कुलूपबाईंनी तसं लिहिलं आणि चष्म्यावरून बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

सुट्टीनंतर फोरमन धावत गल्लीत गेले. काटा पार वर! टोपी काढली. रेघ जशीच्या तशी, एकसंध. दुसरा कुणी असता तर समजला असता, की स्क्रूला कुणी हातच लावलेला नाही. फोरमन गालातल्या गालात हसले. चोर हुशार होता. पिळून, काम झाल्यावर अगदी रेघेवर रेघ आणून ठेवत होता. इतका सफाईदार हात प्लँटवर एकाच माणसाचा होता, आणि त्याला तो हात फोरमननीच शिकवला होता.

त्या संध्याकाळी बायकोला त्यांच्या खिशात नेलपॉलिशची बाटली सापडली.

"ही कुणाची?"

"रेग्युलेटरची."

बायकोने बाटली टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवली. चहाची साखर पुन्हा गेली.

बुधवारी फोरमननी टोपीवरून तार ओवली आणि तिला शिशाचं सील ठोकलं. दुपारी काटा तळाला गेलेला, आणि सील शाबूत. आता संशयाला दुसरी फांदी फुटली. सील ठोकायचा चिमटा कुठे असतो? स्टोअरमध्ये. कुणाच्या कुलपात? नवीन रेग्युलेटर मागवा म्हणून सहा महिने कोण मागे लागलं होतं, आणि "जुनं ते सोनं" म्हणून त्यांना कुणी गप्प केलं होतं? म्हणजे जावई पिळतो आणि कुलूपबाई सील ठोकून देतात! फोरमनच्या अंगावर काटा आला. एक जण घरचा, एक जण अठरा वर्षांच्या ओळखीची, आणि दोघांनी मिळून आपल्याला गेटवर बसवायचं ठरवलंय. खरं सांगायचं तर त्यांना राग कमी आणि वाईट जास्त वाटलं. त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी आले.

गुरुवारी पाऊण वाजता, सुट्टी व्हायच्या आधीच, ते गल्लीत शिरले आणि रिकाम्या पेट्यांच्या थप्पीमागे जाऊन बसले. गार फरशीवरून थंडी सरळ हाडांत चढत होती. त्यांनी मफलर कानावर ओढला.

एक वाजला. दार उघडल्याचा आवाज आला. चवड्यांवर चालणारी पावलं. पेट्यांच्या फटीतून दिसला तो जावई! जावई रेग्युलेटरजवळ गेला, वाकून सील पाहिलं, हात मात्र लावला नाही. मग इकडेतिकडे बघत मागे मागे सरकत आला आणि त्याच थप्पीच्या दुसऱ्या बाजूला बसला. बसताना त्याची पाठ फोरमनच्या गुडघ्यांना लागली.

दोघंही एकदमच ओरडले. दोघांनीही एकमेकांची कॉलर धरली. थप्पी कोसळली.

"पकडला!" फोरमन म्हणाले.

"बाबा, तुम्ही?" जावई म्हणाला. "म्हणजे तुम्हीच करता हे?"

"मी? मी पहारा देतोय!"

"मीपण पहाराच देतोय."

"कुणावर?"

जावयाने सासऱ्यांची कॉलर सोडली नाही, आणि ते उत्तर पुरेसं होतं. तेवढ्यात दाराला बाहेरून खडकन कुलूप लागलं. दारातल्या जाळीच्या खिडकीत कुलूपबाईंचा चष्मा उगवला.

"सापडले!" त्या म्हणाल्या. "सासरा-जावई मिळून! मला वाटलंच होतं. सील नेतात, नेलपॉलिश नेतात आणि वहीत खाजगी लिहायला लावतात."

"बाई, दार उघडा."

"मालक जेवून आल्याशिवाय उघडायची नाही."

"अहो, तुमचाच यात हात आहे! चिमटा तुमच्याकडे असतो."

"चिमटा कालपासून तुमच्याच टेबलावर पडलाय. परत केलेला नाही, वहीत आहे."

असं तिघांचं जुंपलं असताना जावयाने हळूच फोरमनच्या बाहीला धरलं. "बाबा. काटा."

काटा चढत होता. सावकाश, ऐटीत, कुणाची पर्वा न करता. रेग्युलेटरपासून दहा पावलांवर दोघं एकमेकांची कॉलर धरून उभे होते, तिसऱ्या, कुलूपबाई, कुलपाबाहेर होत्या, आणि सील तारेला लोंबत होतं.

"बाई," फोरमन खालच्या आवाजात म्हणाले, "रेग्युलेटरजवळ आत्ता कोण आहे?"

"कुणी नाही," कुलूपबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपण होऊन कुलूप काढलं.

जावयाने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरची लाल अक्षरं फोरमननी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच वाचणाऱ्याच्या नजरेने वाचली. आधी जाळी.

दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले, आतला वायू काढून घेतला, तोंडावर मास्क चढवले. रेग्युलेटरच्या डोक्याकडे जाणारी एक बारीक वाट असते, तिच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी. जावयाने ती पान्याने सोडवली आणि तळहातावर घेतली. जाळीला एक ओला, तेलकट, जांभळा गोंडा चिकटून बसला होता.

माल चढवायचं काम चालू असताना वायू जोरात वाहायचा आणि गोंडा एका जागी दबून राहायचा. सुट्टीत प्रवाह मंदावला की तो सैल होऊन कधी वाट अडवायचा, कधी मोकळी करायचा. चोराला सुट्टीची वेळ कशी कळते याचं उत्तर असं साधं होतं. आणि तो आत कसा गेला, तेही फोरमनना आठवलं. वार्षिक दुरुस्तीच्या दिवशी, इतरांना "आत लोकरीचा एक धागा जाता कामा नये" असं दरडावून सांगितल्यावर, फडकं हाताशी नव्हतं म्हणून त्यांनी स्वतः मफलरच्या टोकाने जाळीची खाच पुसली होती.

जावयाने आधी गोंड्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या गळ्याकडे. आणि तो मान खाली घालून जाळी पुसायला लागला. जावई चांगला होता, ते दोन वर्षांत फोरमनना पहिल्यांदाच पटलं.

"वस्तू तुमचीच ना?" कुलूपबाईंनी विचारलं. "मग इथे सही करा आणि घेऊन जा."

शनिवारी तपासनीस दिवसभर थर्मामीटर धरून बसला. काटा भिंतीवरच्या खिळ्यासारखा जागेवर. संध्याकाळी त्याने माल पसंत केला. दहा वाजताचा वायदा कामाच्या गडबडीत मालक विसरले असावेत, असं फोरमन दिवसभर स्वतःला समजावत होते. पाच वाजता मालकांनी त्यांना बोलावलं. सोबत हत्यारांची पेटी घेऊन जावई होता आणि वही घेऊन कुलूपबाई.

"काटा झकास," मालक म्हणाले. "आणि तो माणूस? सापडला?"

"सापडला," फोरमन घसा खाकरून म्हणाले. "घरचाच निघाला, साहेब. समज दिलीय. पुन्हा नाही करणार."

मालकांची नजर जावयावर गेली. "तरीच! मला याचा पहिल्यापासून संशय होता. नातेवाईक म्हणून पाठीशी घालू नका. सोमवारपासून याला कामावर यायची गरज नाही."

जावई पेटीकडे बघत उभा राहिला. कॉलर धरली तेव्हा शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, ते अजून लावलेलं नव्हतं. एक शब्द त्याने काढला नाही. एक शब्द फोरमननीही काढला नसता तर देखभाल त्यांच्याकडे राहिली असती, आणि गल्लीची तिसरी चावीही त्यांच्याचकडे आली असती. कुलूपबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"साहेब," फोरमन म्हणाले, "जावई नाही. जावयाचे सासरे."

मालकांना नातं जुळवायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. फोरमननी खिशातून कागदाची पुडी काढली आणि गोंडा टेबलावर ठेवला. मालकांनी तो निरखून पाहिला, वास घेतला, आणि लगेच तोंड फिरवलं.

देखभाल बाहेर गेली नाही. फक्त भिंतीवर त्याच लाल रंगात एक ओळ वाढली, आणि ती जावयाच्या अक्षरात आहे: मफलर बाहेर काढून आत यावे. फोरमन रोज तिच्याखाली मफलर खुंटीला अडकवतात आणि थंडीने कुडकुडत काम करतात.

घरी बायकोने गोंडा दोनदा धुतला आणि तीच गाठ पुन्हा मारली. "म्हणजे माझी गाठ कच्ची नव्हती."

"नव्हती."

"आणि नेलपॉलिश?"

"ती खरंच रेग्युलेटरची. स्क्रूवर रेघ ओढलीय."

बायकोने त्यांच्याकडे अगदी तशाच नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्यांनी आठवडाभर जावयाकडे पाहिलं होतं. सोमवारी विसरलेला डबा द्यायच्या निमित्ताने ती प्लँटवर आली, जावयाला पुढे घालून गल्लीत गेली, सील तोडायला लावलं, टोपी काढायला लावली आणि चष्मा पुसून आत पाहिलं.

"आहे खरी," ती म्हणाली. "पण वाकडी ओढलीय."

त्या दिवसापासून चहात साखर असते. अर्धाच चमचा.