काकूंचा ऑस्ट्रेलिया

आमचे शेजारी बाळकाका भेटल्यावर प्रकृती विचारत नाहीत, व्हिएतनामची बातमी देतात. "अगं, या वर्षी व्हिएतनामनं लाकडाच्या चिप्स काय विकल्यात म्हणून सांगू!" या खायच्या चिप्स नव्हेत हो. झाडाचे बारीक तुकडे, जहाजं भरभरून चीन-जपानला जातात, तिथं त्यांचा कागद होतो. झाशीत दतिया गेटजवळ राहणाऱ्या माणसाला त्याचं काय, असं मीही एकदा विचारलं.

"जन्मभर कंपनीसाठी लाकूड खरेदी केलं. आता जग काय करतंय ते बघायला नको?"

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर कोणत्या देशानं किती चिप्स विकल्या याचा लांबलचक आलेख होता. लाल रेघ व्हिएतनामची, म्हणजे काकांची. हिरवी ऑस्ट्रेलियाची, ती काकूंची. काकूंनी ऑस्ट्रेलियाच का निवडला? "यांनी व्हिएतनाम घेतला म्हणून!" वर्षाचे आकडे आले की हरणाऱ्यानं शिरा करायचा आणि जिंकणाऱ्यानं तो खायचा, असा त्या घरचा कायदा. ऑस्ट्रेलिया कायम पुढे, त्यामुळे काका दरवर्षी रवा करपवायचे. दूधवाला दारातूनच ओरडायचा, "काय कक्का, फिर हार गए?"

"देखते रहो भैया!" काका गुरगुरायचे.

मी लग्न होऊन साताऱ्याहून इथं आले तेव्हा मला धड हिंदी येत नव्हतं. या घरानं मला पोटभर मराठी बोलू दिलं, माझी बाळंतपणं काढली. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

मग काही वर्षांपूर्वी काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, पण अन्नावरची वासनाच उडाली. पेज नको, वरण नको. डॉक्टर म्हणाले, "माताजी खाएँगी नहीं तो उठेंगी कैसे?" काका पार भेदरले.

नेमके तेव्हाच नवे आकडे आले. कॉम्प्युटरवर आम्ही दोघांनी पाहिलं. व्हिएतनाम पहिल्यांदाच पुढे! मी ओरडणार तोच काकांनी माझा हात दाबला. आत जाऊन पडेल आवाजात म्हणाले, "सुमन, यंदाही तुझा ऑस्ट्रेलियाच गं. मेलो मी!" आणि रवा भाजायला घेतला.

कायदा तो कायदा. काकूंनी दोन घास खाल्ले.

पण दुसऱ्या दिवशी काय? काकांनी जाहीर केलं, "मागल्या वर्षाचे आकडे सुधारून आलेत. तुझी आघाडी आणखी वाढली." मग त्याच्या मागल्या वर्षाचे सुधारून आले. एका दशांशासाठी माझ्याशी भांडणारा हा माणूस रोज बेधडक थापा मारत होता, आणि मी गंभीर चेहऱ्यानं "हो काकू, मीपण पाहिलं" म्हणत होते. रवा करपायचा थांबला. दोन घासांची वाटी झाली.

एका सकाळी काका नवी थाप घेऊन खोलीत गेले, तर पलंग रिकामा! काकू ओट्याला धरून उभ्या होत्या आणि गॅसवर कढई.

"सरका तिकडे," त्या म्हणाल्या. "व्हिएतनाम पुढे गेलाय, ते पहिल्याच दिवशी तुमच्या तोंडावर दिसलं मला. आता पुरे. आज मी करते."

इतक्या वर्षांनी जिंकलेले काका स्टुलावर बसून हुंदके देत होते. मी तोंडाला ओढणी लावून देवाचे आभार मानत होते. काकूंनी वाटी भरून त्यांच्या हातात दिली.

"रडून खारट नका करू. खा आता."