आबाजींच्या फोटोखाली सुनेचं नाव

स्वरूपाचा फोन सकाळी पाणी भरताना हौदात पडला आणि दुपारी तिची परीक्षा होती. बारामतीच्या एका अध्यापक विद्यालयात ती शिकत होती. होणाऱ्या शिक्षकांना फोनवरून वर्ग घेता येतो का, हे पाहणारी ही परीक्षा घरूनच द्यायची होती. पास झाली तरच तिला शाळेवर पाठ घ्यायला पाठवणार होते. कळंबच्या पारधी वस्तीतून तिथवर पोचलेली ती पहिलीच. वस्तीची बोली जाणणारी बाई तिथल्या पोरांना आजवर मिळाली नव्हती.

घरात दुसरा फोन सासऱ्यांचा, आबाजींचा. त्यांना आकडे वाचता येत नसत, म्हणून स्वरूपाच्या नवऱ्यानं, सोपाननं, फोनच्या कुलपाला बापाचा चेहराच लावून दिला होता. सोपान गेला होता एमआयडीसीत कामावर. फोन उघडायचा तर आबाजी समोर हवेत, आणि आबाजी समोर असले की सुनेच्या तोंडावर पदर हवा. लग्न झाल्यापासून हा रिवाज त्या घरात कधी मोडला नव्हता.

आबाजींनी फोन तोंडासमोर धरून उघडला. स्वरूपानं पदराआडूनच नाव भरलं, हात लांब करून बटण दाबलं. परीक्षेनं लगेच समोरच्या उमेदवाराचा फोटो काढला. पांढऱ्या मिशा, कपाळाला आठ्या आणि खाली नाव, स्वरूपा सोपान भोसले.

"आबा, परीक्षेला आता तुमी बसलाय," स्वरूपा हळूच म्हणाली.

आबाजी बाहेर गेले. तिनं पदर मागं घेऊन पाहिलं, तर फोन तिला उमेदवार मानेना. आबाजींना परत बोलवावं लागलं, पदर परत खाली आला.

चुलीपाशी बसलेली सासू सारजा म्हणाली, "द्या की तुमीच परीक्षा. न्हायतरी दिवसभर घराला शिकवतच असता."

शेवटी विद्यालयातल्या राजेश्वरी मॅडमना फोन लावला. चेहरा बदलता येईल, पण जुना आणि नवा, दोन्ही चेहरे एकाच वेळी समोर लागतील, असं त्या म्हणाल्या. आबाजींनी घरचा रिवाज सांगितला. मॅडमनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी बघू."

आबाजींनी फोन परत तोंडासमोर धरला.

"पदर मागं घे, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

"कृपया डोळे उघडा," फोन बोलला.

आबाजींनी एक उघडला. फोनचं समाधान झालं नाही.

"उघडा की," सारजा म्हणाली. "सुनंचं तोंड हाय, सूर्याकडं न्हाय बघायचं."

आबाजींनी दोन्ही डोळे उघडले. काचेत दोन चेहरे शेजारी शेजारी होते. पोरीचे डोळे खोल गेले होते, गालफडं वर आली होती.

"लई वाळलीस गं," ते म्हणाले.

फोननं तिला उमेदवार मानलं.

आबाजी बाहेर शेळीपाशी जाऊन बसले. आत ती नसलेल्या पोरांना नावानं हाका मारून शिकवत होती. सुनेचा एवढा मोठा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. फोन दोन्ही हातांत घट्ट, पदर खांद्यावर. सासरे दिसताच ती गोंधळली, पण तिचा हात डोक्याकडं जायच्या आत आबाजींनीच खांद्यावरचं उपरणं स्वतःच्या तोंडावर ओढून घेतलं.

"आता सांग," ते आतून म्हणाले.

"पास झाले, आबा."

उपरणं बराच वेळ खाली आलं नाही.