देखरेखीपुरता माणूस

विमा कंपनीच्या त्या शाखेत आता एकच माणूस उरला होता, आणि तोही कायद्याच्या कृपेने. बाकीच्यांना एआयने घरी बसवलं होतं. पण सरकारने नियम काढला, की यंत्राच्या प्रत्येक निर्णयावर माणसाची नजर हवी. म्हणून आपले जावईबापू देखरेख अधिकारी म्हणून टिकले. जावईबापू म्हणायचं कारण, ते सासऱ्यांच्या घरात राहत होते आणि सासरे त्यांना दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारत नसत.

यंत्र लोकांचे दावे नामंजूर करायचं आणि जावईबापू हिरवं बटण दाबून सहमती द्यायचे. असहमतीसाठी लाल बटणही होतं. सुरुवातीला ते सगळं वाचत. कुणाचा अपघात, कुणाचं ऑपरेशन. त्यांना जेवण जाईना. मग त्यांनी वाचणं सोडलं आणि जेवण जायला लागलं.

खुर्ची रिकामी राहिली की यंत्र थांबायचं आणि थेट मुख्य कचेरीत बोंब व्हायची. आणि नेमकी त्यांची दाढ ठणकायला लागली. माणूस कुठला हवा, हे काही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी घरी सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, तासभर इथे येऊन बसाल का? फक्त हिरवं बटण दाबायचं."

"न वाचता?"

"वाचायची गरजच नसते हो."

निवृत्त मुख्याध्यापकाला हे सांगायला नको होतं.

दाढ काढून, अर्धं तोंड बधिर झालेले जावईबापू परतले तेव्हा दाव्यांचा ढीग तुंबला होता आणि सासरे फोनवर होते.

"बाई, आत्ता डावा मोडलाय ना? आणि गेल्या वर्षी उजवा. हे यंत्र म्हणतंय, पाय आधीच मोडलेला होता. माणसाला दोन असतात हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही. मंजूर केलाय तुमचा दावा. आराम करा."

फोनमधून बाईंचं रडणं ऐकू येत होतं. असे किती पाय आपण न बघता नामंजूर केले असतील, हा विचार जावईबापूंच्या मनात आला. पण तो पुरा करायलाही सवड मिळाली नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर सरकारी तपासनीस बसले होते.

"इतक्या शाखा पाहिल्या," तपासनीस भारावून म्हणाले, "पण खरोखर वाचणारा माणूस आजच पाहिला."

"अइकाई ई आए," जावईबापू म्हणाले. अधिकारी मी आहे, असं त्यांना म्हणायचं होतं.

"यांचा दावा कशाचा?" तपासनिसांनी सासऱ्यांना विचारलं.

"आमचे जावई आहेत. दातांचं काहीतरी दिसतंय. बसा हो, तुमचंही बघतो."

कुठल्याच शाखेत कुणी वाचत नसल्याने कंपनीचा परवाना जायच्या बेतात होता, तो सासऱ्यांमुळे वाचला. मुख्य कचेरीने त्यांनाच नेमून टाकलं. नियमाला एकच माणूस लागत होता, म्हणजे दुसरा जास्त झाला. जावईबापूंना काढावं, असा निर्णय यंत्राने दिला. आता हाही निर्णय माणसाच्या नजरेखालून जायला हवा होता.

जावईबापू सासऱ्यांच्या टेबलासमोर उभे राहिले. नोकरी गेली तर त्याच घरात, त्याच सासऱ्यांच्या जिवावर बसून खायचं, या कल्पनेनेच त्यांना रडू येत होतं. तरी एक आशा होती. सासऱ्यांनी आजवर यंत्राचा एकही निर्णय मान्य केला नव्हता.

"बाबा, लाल बटण दाबा ना. घरचाच मामला आहे."

"म्हणून तर नीट वाचतोय. तुम्ही एकदाही असहमत झाला नाहीत, असं म्हणतंय हे. खरं?"

"कामं वेळेत व्हायची, बाबा."

"आणि दावे उघडूनही बघत नव्हता?"

"आधी बघायचो. त्रास व्हायला लागला."

संध्याकाळी मुलीला काय सांगायचं, हेही सासऱ्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी चष्मा पुसला, निर्णय पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि त्यात चूक शोधून पाहिली. अगदी मनापासून शोधली.

"वाईट वाटतंय हो, जावईबापू," ते शेवटी म्हणाले. "पण या यंत्राची एवढी एकच गोष्ट मला पटली."