चोवीसपेक्षा सव्वीस लहान

सायकल दिसली की तावडेकाका रस्त्यात आडवे व्हायचे. तुळिंजच्या भर बाजारात स्वाराला करकचून ब्रेक दाबायला लावायचे आणि विचारायचे, "किती नंबर?" चोवीस म्हटलं तर नुसती मान हलवायचे. सव्वीस ऐकलं की दोन पावलं मागे सरायचे. "अरे बापरे! एवढं मोठं चाक?"

ते आमच्याच मजल्यावर राहायचे. त्या सुमारास जाड टायरांच्या गियरवाल्या सायकली नव्या नव्या आल्या होत्या. मी एक घेतली, तर काकांनी आठवडाभर अबोला धरला. का, तर सव्वीस नंबर! स्वतःची काळी चोवीस विकून त्यांनी बावीस आणली होती आणि तिच्यावरही ते चिडलेले. "दोन नंबर उतरलो, तरी कॅरिअर तसूभर खाली येईना! लुटतात नुसते."

शेवटी वैतागून मी त्यांना सायकलच्या दुकानात नेलं. दुकानदाराने त्यांची बावीस आणि माझी सव्वीस शेजारी उभी केली. माझंच चाक बुटकं! काकांचे डोळे पांढरे झाले. खरं सांगतो, माझेही.

दुकानदार हसला. "काका, काळ्या सायकलीचा नंबर फ्रेमचा असतो. बावीस घ्या नाहीतर चोवीस, चाक अठ्ठावीसचंच. गियरवालीचा नंबर मात्र चाकाचा."

काका मटकन स्टुलावर बसले. मग एकदम म्हणाले, "गियरवाली द्या. कॅरिअर लावून."

"हिला कॅरिअर? अहो, सगळी शान जाईल!"

"जाऊ दे."

हा माणूस वेडा झाला, असंच मला वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी खालूनच हाक मारली. काकू कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. अर्धांगाच्या झटक्यातून त्या उठल्या होत्या, पण डावा पाय लुळाच राहिला होता. पूर्वी दर रविवारी दोघं सायकलवरून अर्नाळ्याला मासळी आणायला जायची. आता कॅरिअरवर चढता-उतरताना पाय जमिनीला पुरायचे नाहीत, अधांतरी राहायचे, काकू घाबरायच्या. रिक्षाने जाऊ म्हटलं तर नको म्हणायच्या. गावभर विचारलेले ते नंबर बायकोच्या पायांसाठी होते! मी हबकलोच. मग गलबलून आलं.

मी सायकल धरली. काकू जपून मागे बसल्या. चपलांची टोकं जमिनीला लागली.

"टेकले ओ," त्या हळूच म्हणाल्या.

काका हँडल धरून समोर भिंतीकडे बघत राहिले.

"अहो, बघा तरी मागे."

"नाही बघत," काकांनी बाहीने डोळे पुसले. "तू घट्ट धर."